कोपऱ्यातलं प्यादं

छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वारकाका म्हणत. एकदा कुठल्याशा समारंभाच्या पत्रिकेत एक अनुस्वार राहून गेला होता. छपाई सुरू झालेली असताना काका धावत गेले आणि त्यांनी यंत्र थांबवायला लावलं. मशीनवाल्यानं हातातलं तेलकट फडकं आपटलं. "एका टिंबासाठी?"  काका फारसं बोलतच नसत. त्यांनी पत्रिकेवर पेन्सिलीनं खूण केली आणि ती मशीनवाल्याच्या नाकासमोर धरली. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. बायकोसुद्धा रागात असली की म्हणायची, "अनुस्वार, जेवायला वाढलंय."

त्यांचं काम मुद्रितं तपासायचं. एकतीस वर्षं तेच काम आणि तेच खिडकीजवळचं टेबल. टेबलावर दोन पेन्सिली, खोडरबर, आणि समोर एक जास्तीची खुर्ची. ती खुर्ची वाचणाऱ्याची. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापलेल्या मजकुरावरून पेन्सिल फिरवायची. एकट्यानं तपासायचं नाही, आणि स्वतः लिहिलेलं तर मुळीच नाही, हा काकांचा नियम. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगत, "आपलं लिहिलेलं आपल्याला दिसत नाही. डोळा कागद वाचत नाही, पाठ असलेलं वाचतो." आणि दुसरं सांगत ते उडीबद्दल. एकच शब्द पाठोपाठच्या दोन ओळींत आला की नकलून घेणाऱ्याचा डोळा पहिल्या ओळीवरून उडी मारून दुसरीवर पडतो. मधला मजकूर गळतो, आणि गंमत म्हणजे वाक्य तरीही जुळतं. म्हणून ती चूक सापडत नाही.

छापखान्याबाहेर काकांचं जग म्हणजे बुद्धिबळ. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट सभागृह होतं, तिथं दर रविवारी मंडळ भरे. काका खेळाडू म्हणून बेताचेच. स्पर्धेला बसले की त्यांचे हात गार पडत आणि जिंकलेला डाव ते बरोबरीत सोडत. पण मंडळात त्यांच्याशिवाय पान हलत नसे, कारण भिंतीवरचा पट त्यांच्याकडे होता. भिंतीपासून थोडा पुढं उभा केलेला, माणसाएवढा उंच लाकडी फळा, त्यावर रंगवलेली चौसष्ट घरं, प्रत्येक घरात एक खिळा, आणि खिळ्यांना अडकवायला पत्र्याच्या कापलेल्या सोंगट्या. मोठी स्पर्धा असली की व्यासपीठावर पहिल्या टेबलाचा डाव मांडला जाई. तिथली चाल पाहून काका स्टुलावर चढत आणि तीच चाल भिंतीवर लावत, म्हणजे मागच्या रांगेतल्यांनाही डाव दिसे. वीस वर्षांत त्यांनी एकदाही चुकीची सोंगटी उचलली नव्हती. चेहऱ्यावरही कधी काही दाखवलं नव्हतं. कुणी हरो, कुणी जिंको, काका आपले भिंतीकडे तोंड करून उभे.

त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती. ती मात्र फक्त घरच्यांना माहीत होती. क्वीन्स गँबिट ही पांढऱ्याची एक ठरलेली सुरुवात, एक प्यादं पुढ्यात टाकून केलेली; काळ्या सोंगट्यांनी ती नाकारायची एक जुनी, मळलेली वाट आहे. त्या वाटेवर पुढं एक आडवळण लागतं. तिथं काळ्याचा वजीर आपल्या राजाला सोडून पटाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि एक प्यादं खातो. ते प्यादं विषारी आहे, खाल्लं की डाव गेला, असं सगळे समजतात. काकांनी आठ वर्षं, रविवारच्या दुपारी, घरच्या पटावर मांडून पाहून ठरवलं होतं की ते विषारी नाही. का नाही, तर सुरुवातीलाच, सहाव्या चालीला, काळ्यानं राजाच्या बाजूचं कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढं सरकवलेलं असतं. त्या एका घरामुळं पांढऱ्याच्या उंटाला तिथं खायला काही उरत नाही, आणि पांढऱ्याच्या घोड्याला राजासमोर यायला जागा मिळत नाही. एक प्यादं दोन दारं राखतं. बाकी सगळी तटबंदी त्याच्या भरवशावर.

हे सगळं त्यांनी एका जाड वहीत लिहून ठेवलं होतं, आणि तेही आकड्यांत नाही तर आपल्या शब्दांत. 'पांढरा: घोडा बाहेर. काळा: कोपऱ्यातलं प्यादं एक घर. पांढरा: उंट मागे. काळा: घोडा मधे.' असं. एका चालीला एक ओळ.

ही वही लेकीनं मागितली.

लेक त्यांच्याहून कितीतरी बरी खेळायची. हात गार पडणं तिला ठाऊक नव्हतं. पण तिचंही वय सव्वीस झालं होतं. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं होतं. आठवड्याचे सहा दिवस, आणि सातव्या दिवशीही बोलावलं तर जायचं. स्पर्धा संपली की हजर व्हायचं होतं. "यंदाची निवड स्पर्धा शेवटची," ती म्हणाली होती. "संघात आले तर एकदा मोठ्या स्पर्धेला जाऊन येईन, कामावर तेवढी सवलत देणार आहेत. नाही आले तर पट माळ्यावर टाकायचा. मग मला पुन्हा काढायला सांगू नका, बाबा." काका "बरं" म्हणाले. त्यांना ते 'बरं' घशाखाली उतरवायला दोन दिवस लागले.

आधीच्या फेऱ्या होऊन गेल्या होत्या, आणि शेवटच्या फेरीपूर्वी कामाचं सहा आठवड्यांचं प्रशिक्षण तिला दुसऱ्या शहरात घ्यायचं होतं. शेवटच्या फेरीत गाठ पडणार ती दातांच्या डॉक्टरीणबाईंशी, हे बरंचसं उघड होतं. पांढऱ्या सोंगट्या त्यांच्याकडे असणार, आणि पांढऱ्यानं त्या सुरुवात क्वीन्स गँबिटनंच करत. वर्षानुवर्षं तेच, जसं काही रोग्याला आधी तोंड उघडायलाच सांगायचं. मंडळात त्यांना दातवाल्या बाई म्हणत आणि घाबरून असत. म्हणून लेकीनं वही मागितली. पण जुन्या वहीची पानं सुटी झाली होती. काकांनी नवी वही आणली आणि एका रविवारी दुपारी बसून सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं.

बायको कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "वाचायला बसू का? मोकळीच आहे मी."

"नको गं. माझंच तर आहे. पाठ आहे मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही टपालात टाकली. लेकीचा फोन यायचा तेव्हा ते विचारत, "वही बघतेस ना?" ती म्हणायची, "बाबा, पानन् पान पाठ झालंय. झोपेत विचारा." डावाबद्दल याहून जास्त बोलायची दोघांनाही सवय नव्हती. लेक परत आली ती शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी, आणि आल्या आल्या जेवून झोपली.

त्या रविवारी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. हिशेब सोपा होता. लेकीला बरोबरी पुरत होती, दातवाल्या बाईंना जिंकायलाच हवं होतं. दोघींपैकी एकच संघात जाणार.

पंच म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांनी काकांना बाजूला घेतलं. "काका, आज पटावर दुसऱ्या कुणाला उभं करू का? तुमचीच मुलगी खेळतेय."

"मास्तर, वीस वर्षं झाली."

"तुमच्यावर संशय नाही हो. तुम्हाला त्रास होईल म्हणून म्हणतो."

"नाही होणार," काका म्हणाले.

डावाला बसण्याआधी लेकीनं आपली पिशवी त्यांच्या हातात दिली. पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि ती वही. "सांभाळा. आणि बाबा, तुम्ही घाम पुसत राहू नका, मला तिथून दिसतं." टेबल व्यासपीठावर आडवं होतं. मान जरा वळवली की दोघींनाही भिंतीवरचा पट दिसत असे.

पहिल्या पाच चाली भराभर झाल्या. मशीनवाला मुद्दाम पहिल्या रांगेत, काकांच्या स्टुलाला लागून बसला होता. त्याला बुद्धिबळातलं काडीचं कळत नसे, पण काकांच्या लेकीचा डाव म्हणून तो आंघोळ करून आला होता. "चाललंय ना ठीक?" तो कुजबुजला. काकांनी मान हलवली. चाललं होतं ठीकच. वहीतल्यासारखं.

सहावी चाल. दातवाल्या बाईंनी घोडा बाहेर काढला. काकांनी तो लावला आणि सवयीनं पत्र्याच्या त्या कोपऱ्यातल्या प्याद्याकडे हात नेऊन ठेवला. आता हे एक घर पुढं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. लेकीनं घोडा उचलला आणि पटाच्या मधोमध ठेवला.

काकांचा हात प्याद्यावरच राहिला.

ती विसरली, असं पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, ती विसरणारी नाही. तिला पाढे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नसत. त्यांनी घोडा मधे लावला. काही बिघडलं नव्हतं. ही चालही लोक खेळतात आणि ती चुकीची नाही. फक्त इथून त्या आडवळणाला जायचं नसतं, एवढंच. तिला ते ठाऊक असणार. पुढं कधीतरी ती ते प्यादं सरकवेल.

दातवाल्या बाई विचारात पडल्या. काका स्टुलावरून उतरले, फळ्याच्या मागे गेले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं पिशवी उघडली. पाण्याची बाटली त्यांनी बाहेर काढली आणि तशीच खाली ठेवली. वही उघडली. त्यांचंच अक्षर. गोल, सरळ, एकही खाडाखोड नसलेलं.

'पांढरा: घोडा बाहेर. काळा: घोडा मधे.'

त्यांनी तीनदा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. मधल्या दोन गोष्टी नव्हत्या. कोपऱ्यातलं प्यादं नव्हतं आणि उंट मागे नव्हता. 'काळा:' वरून डोळा खालच्या 'काळा:' वर पडला होता. उडी. आणि वाक्य जुळत होतं. उंट मागे न जाताही पुढची चाल जमत होती, म्हणून लेकीलाही कुठं अडखळायला झालं नसणार. पुढची बारा पानं बिनचूक होती. ज्या प्याद्यावर त्या बारा पानांचा भार होता तेवढंच फक्त नव्हतं.

काका फळ्याच्या मागे, धुळीत उभे होते.  समोरच्या बाजूनं मशीनवाल्याचा आवाज आला, "काका, ओ काका. बाईंनी खाल्लं बघा काहीतरी."

ते आले, स्टुलावर चढले आणि बाईंच्या उंटानं खाल्लेला उंट उतरवला. लेकीनं लगेच वजिरानं उलटं खाल्लं. तेही लावलं. लेक वाऱ्यासारखी खेळत होती. दहा सेकंदांत एक चाल. तिचं घड्याळ जवळजवळ हललंच नव्हतं. एरवी काकांना याचा अभिमान वाटला असता. आता प्रत्येक झटपट चालीला त्यांना वाटे, थांब जरा. ती विचार करत नव्हती, कारण विचार आधीच झालेला आहे, बाबांनी केलेला आहे, असं तिला वाटत होतं.

नववी चाल. दहावी. अकरावी. प्रत्येक वेळी काका मनात म्हणत, आता सरकव. एकच घर. आत्ता सरकवलंस तरी चालेल. त्यांना ओरडता आलं असतं. खोकता आलं असतं. एक खोकला, ती वर बघणार, आणि ते नुसते त्या कोपऱ्याकडे बघणार. एवढं पुरलं असतं. बापाच्या डोळ्यांतलं तिला कळायचं. पण खोकला वर येतच नव्हता. वीस वर्षं भिंतीकडे तोंड करून उभं राहिलेल्या माणसाची मानच वळत नव्हती.

बारावी झाली. आता वळण आलं. पुढच्या चालीला वजीर निघणार.

त्या कोपऱ्यातलं पत्र्याचं प्यादं खिळ्यावर जरासं तिरकं झालं होतं. काकांना तिरकं काही सहन होत नसे. मध्येच स्टुलावर चढून सोंगट्या सरळ करणं हे त्यांचं नेहमीचंच होतं, कुणी लक्षही देत नसे. ते चढले. हात वर नेला. बोटं प्याद्याला लागली. बोटं थरथरत होती. आणि प्यादं खिळ्यावरून निसटलं, फळ्याच्या लाकडी चौकटीवर आपटलं आणि खणखणत व्यासपीठावर पडलं.

सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. दातवाल्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. पंचमास्तर अर्धवट उठले.

लेकीनंही मान वर केली. तिनं भिंतीकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. खाली पडलेल्या प्याद्याकडे पाहिलं. मग काकांकडे. काका तिच्याकडे बघत होते. त्यांनी सगळं डोळ्यांत आणलं होतं. आयुष्यात त्यांनी कधी कुणाकडे असं पाहिलं नसेल.

ती हसली. लहानपणी काका तिला शाळेच्या दारात सोडून परत निघताना पुन्हा पुन्हा मागं वळून बघायचे, तेव्हा हसायची तसं. काही होत नाही हो बाबा, घाबरता कशाला, असं ते हसू. आणि त्यांना धीर यावा म्हणून, एक क्षणही न घालवता, तिनं वजीर उचलला आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

"काका, प्यादं," पंचमास्तर हळूच म्हणाले.

काका वाकले. प्यादं उचललं. धोतऱ्याच्या फुलासारखं हलकं होतं ते, पत्र्याचा तुकडा. त्यांनी ते जिथं होतं तिथंच लावलं. दुसरीकडे कुठं लावणार?

तिथून पुढं करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. बाईंनी आपला उंट राजाच्या रोखानं आणून ठेवला. लेकीच्या वजिरानं ते दूरचं प्यादं खाल्लं. काकांनी ते उतरवून बाजूच्या डब्यात टाकलं.

"एक खाल्लं की आपण!" मशीनवाला खुशीत येऊन कुजबुजला. "फुकट मिळालं?"

"हं."

"मग तोंड असं का? मुलगी जिंकतेय तुमची, जरा हसा. एरवी टिंब सापडलं तरी हसता."

"गप्प बस रे," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका वेगळा आला की मशीनवाला खरंच गप्प बसला.

दातवाल्या बाई विचार करू लागल्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. लेक उठून खिडकीपाशी जाऊन आली. ती निवांत होती. येता येता तिनं काकांकडे बघून भुवई किंचित उडवली, म्हणजे 'बघितलंत?'. काकांनी मान खाली घातली.

बाईंना ते सापडू नये, एवढंच आता मागायचं होतं, आणि मागायचं कुणाकडे हेही काकांना कळत नव्हतं. बाई उजव्या कोपऱ्याकडे बघत. मग डावीकडे, वजिराकडे. तो वजीर पकडता येतो का ते बघत असाव्यात. बघा, तिकडेच बघा, काका मनात म्हणत होते. पकडा त्याला. नाही सापडणार, मी आठ वर्षं बघितलंय, पण बघा. पंधरा मिनिटं. वीस. बाईंनी हात पुढं केला आणि मागे घेतला. काकांच्या शर्टाची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. त्यांना ती चाल इतकी स्पष्ट दिसत होती की तिच्यातून आवाज येतोय असं वाटे. बाईंना ऐकू कसा जात नाही? आणि माझ्या लेकीला?

लेकीनं त्याच वेळी पटाकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच. तिची नजर कोपऱ्यात गेली आणि तिथंच थांबली. तिनं मांडीवरचे हात हळूच टेबलावर घेतले. मग तिनं सावकाश मान वर केली, आणि या वेळी भिंतीकडे पाहिलं नाही, सरळ काकांकडे पाहिलं. हसली नाही.

पस्तिसाव्या मिनिटाला दातवाल्या बाईंनी उंट उचलला आणि कोपऱ्यातलं प्यादं खाल्लं. "शह," त्या म्हणाल्या. म्हणायची गरज नसते, पण त्यांना सवय होती.

काका स्टुलावर चढले. ते प्यादं खिळ्यावरून काढायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी काढलं. या वेळी बोटं थरथरली नाहीत. त्या जागी पांढरा उंट लावला. मागच्या रांगेतून "आहा!" असा एक उद्गार आला, कुणीतरी टाळीच वाजवणार होतं, शेजाऱ्यानं थांबवलं.

पुढं लेक तासभर लढली. आता तिची प्रत्येक चाल तिची स्वतःची होती, आणि एकेका चालीला पाच-पाच मिनिटं लागत होती. पण बाईंचा घोडा राजासमोर येऊन बसला होता आणि वजीर मागून येत होता. लेकीचा वजीर पटाच्या त्या टोकाला, खाल्लेल्या प्याद्याच्या घरात, नुसता बघत उभा. सव्विसाव्या चालीला तिनं घड्याळ थांबवलं, हात पुढं केला आणि म्हणाली, "छान खेळलात."

दातवाल्या बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "तू वजीर नेलास तेव्हा मला वाटलं, हिनं नक्की काहीतरी शोधलेलं असणार. म्हणून तर एवढा वेळ लागला गं. काय होतं?"

"काही नव्हतं," लेक म्हणाली.

घरी जाताना दोघं नेहमीच्या रस्त्यानं चालले. चपलांच्या दुकानापाशी ती थांबली. दुकानाकडे मात्र बघत नव्हती.

"बाबा, ते प्यादं. सगळ्या पुस्तकांत ते आधी सरकवतात. तुमच्या वहीत नव्हतं. मी चार दिवस त्यामागचं कारण शोधत होते. म्हटलं, बाबांनी मुद्दाम वगळलंय, म्हणजे त्यात काहीतरी असणार. मला सापडलं नाही. मग म्हटलं, मला नसेल कळत. त्यांनी तपासलंय ना."

काकांना रस्त्यातच बसावंसं वाटलं. "फोनवर विचारायचंस."

"विचारणार होते. पण वाटलं, तुम्ही म्हणाल, एवढं पण कळत नाही का."

"मी असं कधी म्हणालोय?"

"नाही. कधीच नाही." ती त्यांच्याकडे वळली. "मग काय होतं ते?"

"गळलं," काका म्हणाले. "उतरवताना गळलं. उडी."

 एक सायकलवाला घंटी वाजवत मधून गेला. ती बाजूला झाली आणि पुन्हा तिथंच येऊन उभी राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सहाव्या चालीला."

"आणि तुम्ही तिथं उभे होतात."

"हो."

"सगळा वेळ." मग आवाज खाली आणून, "प्यादं पडलं तेव्हा..."

"मला माहीत नाही गं," काका म्हणाले. "खरंच माहीत नाही. हात थरथरत होता, एवढं माहीत आहे."

तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागली. ते तिच्या मागून निघाले.

दुपारी पंचमास्तरांकडून एक मुलगी लिफाफ्यात मुद्रित घेऊन आली. स्पर्धेची माहितीपत्रिका संध्याकाळी छापायची होती, आणि शेवटच्या फेरीतला निर्णायक डाव तिच्यात पूर्ण जाणार होता. सोबत मास्तरांच्या हातचा मूळ कागद आणि चिठ्ठी, 'काका, तुमच्याशिवाय कुणाला सांगू? चारपर्यंत तपासून द्या.'

काकांनी मुद्रित घरच्या टेबलावर पसरलं. पेन्सिल काढली. समोरची खुर्ची रिकामी होती. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून विचारलं, "जरा वाचायला येतेस का?"

आतून भांडी ठेवल्याचा आवाज आला. "आता वाचायला माणूस लागतं वाटतं?" बायको म्हणाली. तिला लेकीनं सगळं सांगितलेलं दिसत होतं. तरी ती हात पुसत यायला निघाली, तेवढ्यात लेक बाहेरच्या खोलीतून आली आणि खुर्चीत बसली. तिनं मास्तरांचा कागद पुढं ओढला.

"असू दे," काका म्हणाले. "आईला वाचू दे."

"वाचते मी."

ती वाचू लागली. छापखान्यात वाचतात तसं, सपाट आवाजात, एकेक चाल सुटी करून. काकांची पेन्सिल छापलेल्या ओळींखालून सरकत होती. पहिली, दुसरी, तिसरी. सहावी आली. "पांढरा, घोडा," लेक म्हणाली आणि थांबली. काकांची पेन्सिलही थांबली. दोघंही त्या ओळीकडे बघत राहिली, तिच्याकडच्या कागदावर ती आणि त्यांच्याकडच्या कागदावर ते. तिथं आणखी काही असायला हवं होतं. पण मूळ कागदात नव्हतं. छापलेलं मुळाबरहुकूम होतं.

"काळा, घोडा," लेक म्हणाली.

"बरोबर," काका म्हणाले. "पुढे."

सव्विसाव्या चालीपर्यंत कुठंही चूक सापडली नाही.